भाऊजी, पासवर्ड तेवढा सांगून जायचं

भाऊजी,

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलंच बोलायचं असतं, म्हणून तेराव्यापर्यंत मी चांगलंच बोलले. आल्यागेल्याला सांगितलं की आमचे नंदूभाऊजी फार शांत, फार सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता पाहुणे गेले, जादाच्या गाद्या माळ्यावर गेल्या, आणि हॉलमध्ये मी आणि तुमचा तो कॉम्प्युटर असे दोघेच समोरासमोर उरलो आहोत. तेव्हा खरं बोलायला हरकत नाही. तुम्ही मला वैताग आणलात. होतात तेव्हा आणलात तो आणलात, गेल्यावरही आणताय.

तुम्ही गेलात त्या सकाळी मशीन चालूच होतं. कंपनीच्या बससाठी निघताना नेहमीसारखं म्हणालात की बंद करू नका, काहीतरी उतरवायला लावलंय. मग बसमधून फोन आला की तुम्ही बसल्या जागीच गेलात. घरात माणसांची रीघ लागली. त्या गडबडीत दुपारी लोडशेडिंगने वीज गेली, यूपीएस कितीतरी वेळ ओरडत राहिला, आणि कुणी लक्ष दिलं नाही म्हणून शेवटी तोही गप्प झाला. तेव्हापासून तो कॉम्प्युटर नीट सुरूच होईना. काळा पडदा यायचा, पांढरी अक्षरं भराभर वर सरकायची आणि एका ओळीवर येऊन सगळं थांबायचं. डिस्क बिघडली आहे, दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड द्या.

रूट म्हणजे त्या मशीनचा मालक, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. माझ्या नावाची तिथे एक खोली, तुमच्या नावाची एक, प्रत्येकाने आपापल्या खोलीत हवा तो पसारा घालावा, पण भिंती पाडायच्या असतील तर रूट लागतो. मी कितीदा म्हटलं की मलाही सांगून ठेवा, अडीअडचणीला असावा. तुम्ही म्हणायचात, किल्ली एकाकडेच असलेली बरी. गॅसचं पुस्तक कुठे, लाइट बिल कुठे, तुमचे मोजे कुठे, या घरातलं सगळं मला ठाऊक. फक्त हॉलच्या मधोमध ठेवलेल्या त्या खोक्याची किल्ली तुम्ही सोबत घेऊन गेलात.

नव्याण्णवच्या दिवाळीत तो खोका घरात आला तेव्हा तो दोघा भावांचा होता, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. तुमच्या दादांनी त्यावर कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. आपल्या घराण्यातला मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावाहून आला, कोणाची लेक कुठे दिली, सगळं. पार बडोद्यापर्यंतच्या नातेवाइकांना पत्रं लिहून माहिती मागवायचे आणि ऑफिसातून आल्यावर एका बोटाने टाइप करत बसायचे. मग एके दिवशी तुम्ही एक मासिक घेऊन आलात. त्याच्याबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी फुकट होती. दादा, तुझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना, मी सीमध्ये करतो, तुझ्या वस्तूला हात लावत नाही, असं तुम्ही त्यांना माझ्यासमोर सांगितलंत. सीडीने विचारलं, अख्खी डिस्क वापरू का? तुम्ही हो म्हणालात. सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क आहेत असं तुम्हाला वाटत होतं. त्या एकाच डिस्कच्या दोन फाळण्या होत्या, हे तुम्हाला कळेपर्यंत माझा चहासुद्धा उकळला नव्हता. मूळ पुरुषापासून बडोद्याच्या आत्यापर्यंत सगळं घराणं पुसलं गेलं. दादांनी एक फ्लॉपी करून ठेवली होती, तर तिला बुरशी लागलेली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि चपला घालून पांडवलेण्यांच्या बाजूला फिरायला निघून गेले. परत आले ते तुमच्याशी न बोलणारे होऊन. भांडण नाही, तंटा नाही. पेपर झाला का, पाणी आलंय, एवढंच. बाकी सगळं माझ्यामार्फत. त्याला सांग, शनिवारी लग्नाला जायचंय. वहिनी, दादाला विचारा, स्कूटर नेऊ का. एकाच बरणीतलं लोणचं घेणारी दोन माणसं, आणि मी मध्ये टेलिफोन एक्स्चेंज. तुम्ही मला म्हणालात, दादाला सांगा माझं चुकलं. मी म्हटलं, बाकीचे सगळे निरोप पोचवीन, हा नाही पोचवायची. हा तुमचा तुम्ही सांगा. तुम्ही मान हलवलीत. ते सांगायचं तुमचं राहूनच गेलं.

बरं, एवढं रामायण झाल्यावर दुसऱ्या कुणी ती सीडी गोदावरीत सोडली असती. तुम्ही म्हणालात, चूक माझी होती, लिनक्सची नाही. आणि जे रुतून बसलात ते शेवटपर्यंत.

तो पहिला खेळ आठवतो? बर्फाच्या डोंगरावरून एक पेंग्विन पोटावर घसरत खाली येतो आणि वाटेतले मासे गोळा करतो. मासिकातल्या चित्रात तो सुसाट निघालेला. आपल्याकडे तो थोडा घसरायचा, थांबायचा, विचार करायचा, मग पुन्हा थोडा घसरायचा. मी कुकर लावून यायचे तर स्वारी अजून त्याच झाडापाशी. ग्राफिक्स कार्ड चालवणारी फाइल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, मिळत नाही, असं तुमचं म्हणणं. मी विचारलं, मग समोरच्या बंगल्यात मोटारींच्या शर्यती कशा धावतात? तुम्ही गंभीरपणे म्हणालात, त्यांची विंडोज चोरीची आहे. म्हणजे चोरांच्या मोटारी पळतात आणि सज्जनांचा पेंग्विन लंगडतो, असं मी म्हटलं तर तुम्हाला राग आला.

त्या ड्रायव्हरपायी तुम्ही घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. आपला मोडेम फक्त विंडोजशीच बोलायचा, म्हणून तुम्ही स्कूटर काढून कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत जायचात आणि फ्लॉपीवर फाइल घेऊन यायचात. ती लावली की म्हणायची, आधी अमुक फाइल आणा. पुन्हा स्कूटर. ती अमुक फाइल आली की तिला तमुक हवी. लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यांसारखं, हा जेवायला बसेल पण आधी त्याच्या मेव्हण्याला बोलवा, आणि मेव्हणा येईल पण त्याच्या आत्याने हाक मारली पाहिजे. जेवण गार व्हायचं आणि मी दारात उभी. एवढी पळापळ तुम्ही मुली बघायला केली असतीत तर आज या घरात माझ्या जोडीला कुणीतरी असतं. एकदा गेलात खरे नाशिक रोडला, तर मुलीच्या वडिलांनी कौतुकाने सांगितलं की मुलीचा कॉम्प्युटरचा कोर्स झालाय, आणि तुम्ही विचारलंत की क्लासमधलं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं होतं का. पोहे अर्धे टाकून आपल्याला निघावं लागलं.

आणि ती सीडी. माझ्या माहेरच्या लग्नाची सीडी तुमच्या मशीनमध्ये घातली, बघून झाली, आणि बटण दाबलं तरी खण उघडेना. तुमच्या त्या लिनक्सला आधी रीतसर निरोप द्यावा लागतो, मगच तो सीडी सोडतो. तुम्ही सेकंड शिफ्टला. मी अंबडला कंपनीच्या गेटवर फोन केला, वॉचमनने तुम्हाला बोलावून आणलं, आणि तुम्ही मला फोनवरून एकेक इंग्रजी अक्षर सांगत होतात. मी टाइप केलं, तर मशीन म्हणे अशी आज्ञाच नाही. तुम्ही शांतपणे सांगितलंत की त्या 'अनमाउंट'मध्ये आपल्याला वाटतो त्यापेक्षा एक एन कमी असतो. का कमी असतो, विचारलं तर म्हणालात, तसंच आहे. दुसऱ्या दिवशी वॉचमनने तुम्हाला विचारलं म्हणे, वहिनींची सीडी निघाली का?

पण मला सगळ्यात जास्त चीड कशाची यायची, सांगू? एका रविवारी तो पेंग्विन धावला. खरंच धावला, अगदी मासिकातल्यासारखा. मला वाटलं आता हे दिवसभर खेळत बसतील. तुम्ही एकदा त्याला डोंगराखाली जाऊ दिलंत, "चालला" म्हणालात आणि उठलात. पुन्हा कधी त्याला हात लावला नाहीत. दरवेळी तेच. गोळे फोडायचा खेळ असो, विटा रचायचा असो, पत्ते असोत, तुम्हाला तो चालू करण्यात रस, खेळण्यात नाही. वहिनी, तुम्ही बसा, म्हणून खुर्ची माझ्याकडे सरकवायचात.

तर मी बसले. दुपारचं आवरलं की बसायचे. कॉलनीतल्या दोघीतिघी भाजी निवडायला माझ्याकडेच यायला लागल्या, एकीने निवडायची, एकीने गोळे फोडायचे. संध्याकाळी आल्याआल्या तुम्ही विचारायचात, कुठे अडला का? मी सांगायचे की पुढच्या पातळीला गेलं की निळा गोळा भिंतीत घुसतो आणि सगळं बंद पडतं. तुम्ही मला परत परत विचारायचात, गोळा डाव्या भिंतीत की उजव्या, आधी कुठलं बटण दाबलं होतं, आणि ते सगळं इंग्रजीत लिहून परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाला पाठवायचात. एकदा त्याचं उत्तर आलं. चूक सापडली, दुरुस्त केली, तुमच्या वहिनींना धन्यवाद सांगा. तुम्ही ते कागदावर छापून आणलंत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मराठीत सांगितलंत. मी म्हटलं, त्यापेक्षा दळण आणा. पण भाऊजी, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. बी.ए. झाल्यापासून माझं कुणी असं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी नीट केलं, हे मला तुमच्यामुळे मिळालं. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुमच्या घराण्यात लग्न होऊन आल्यावर मलाही ती न सांगायची सवय लागली असावी.

तुमच्या दादांनी मधल्या काळात स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर घेतला आणि बेडरूममध्ये ठेवला. त्यात विंडोज, आणि कुलवृत्तांत पुन्हा पहिल्यापासून. महिन्या-दोन महिन्यांनी त्यात व्हायरस शिरायचा आणि ते डोक्याला हात लावून बसायचे. तुम्हाला विचारतील तर शपथ. मग दादा ऑफिसला गेले की तुम्ही माझ्या परवानगीने त्या खोलीत जायचात, नुसत्या सीडीवरून चालणारं तुमचं लिनक्स त्यात लावायचात, कुलवृत्तांत सुखरूप बाहेर काढायचात, सगळं धुऊन पुसून परत जागच्या जागी ठेवायचात. आणि मला बजावायचात की दादाला बोलू नका. ते संध्याकाळी येऊन बघायचे आणि म्हणायचे, चला, सुरू झाला एकदाचा. मी पोळ्या लाटत मनातल्या मनात तुम्हा दोघांना शिव्या घालायचे.

तुम्ही गेल्यावर मला ते पोटात ठेववेना. अकराव्याच्या दिवशी घाटावरून परत आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, चकित होतील. ते म्हणाले, "मला माहीत होतं."

मी विचारलं, कसं? तर म्हणाले की नंदूने हात लावला की माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं असायचं. त्याचं ते लिनक्स इंग्लंडची वेळ लावून ठेवायचं. मी आपला गुपचूप पुढे करून घ्यायचो.

वर्षानुवर्षं, भाऊजी. तुम्ही गुपचूप दुरुस्त करत होतात आणि ते गुपचूप घड्याळ पुढे करत होते. मधल्या भिंतीपलीकडे मी दोघांचे निरोप वाहत होते. मी यांना म्हटलं, माहीत होतं तर मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, तोही नाही बोलला. मी उठून भांडी घासायला घेतली, बाई यायची होती तरी.

त्यानंतर यांनी बेडरूमचा कॉम्प्युटर सोडला आणि रोज संध्याकाळी तुमच्या मशीनसमोर बसायला लागले. आधी त्यांना वाटलं कीबोर्डच बिघडलाय, कारण पासवर्ड टाइप केला तरी पडद्यावर काही उमटेना, साधी चांदणीसुद्धा नाही. मी सांगितलं की लिनक्समध्ये तसंच असतं. मग एकेक सुरू झालं. तुमच्या आईचं नाव. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं. नाशिक रोडच्या क्वार्टर्समध्ये तुम्ही दोघांनी पाळलेला मोती. मोती इंग्रजीत कितीही प्रकारे लिहिता येतो, ते सगळे प्रकार झाले. तुम्हाला पट्टीने मारणारे गणिताचे सर. तुमच्या क्रिकेटच्या टीमचं नाव, जे मी लग्नाला एवढी वर्षं होऊन कधी ऐकलं नव्हतं. दरवेळी मशीन म्हणतं, चूक. आणि हे मोठ्यांदा बोलतात. काय ठेवलं असशील रे नंद्या? डबक्यात पडला होतास ते ठेवलंस की काय? मी स्वयंपाकघरातून ऐकते. तुम्ही होतात तेव्हा हेच जरा बोलले असते तर काय बिघडलं असतं?

शेवटी मी तुमच्या त्या रविवारच्या मंडळींपैकी बोरसेंना फोन केला. तेच ते, सटाण्याचे, ज्यांच्या घरी तुम्ही सगळे लिनक्सवाले जमायचात. ते आले, डोळे पुसले, चहा नको म्हणाले आणि मशीनसमोर बसले. "वहिनी, पासवर्ड लागतच नाय," ते म्हणाले. मशीन समोर असलं की मागच्या दाराने आत जाता येतं म्हणे. त्यांनी काहीतरी दोन ओळी लिहिल्या, डिस्कची दुरुस्ती लावली, आणि थोड्या वेळात तुमचा तो नेहमीचा निळा पडदा झळकला. माझी खोली जशीच्या तशी होती, गोळे फोडायच्या खेळातली माझी पातळीसुद्धा. मला रडू आलं, आणि इतकं सोपं होतं तर आधीच का नाही बोलावलं म्हणून स्वतःचा रागही आला.

बोरसे म्हणाले, आता आत आलोच आहे तर रूटला नवा पासवर्ड टाकून देतो, म्हणजे वहिनींना पुढे अडचण नको. हे इतका वेळ मागे उभे होते. त्यांनी विचारलं, "मग जुन्याचं काय होईल?"

"पुसला जाईल."

"पुसायच्या आधी काय होता ते बघता येईल?"

"नाय दादा. तो कुठं लिहून ठेवलेला नसतोच. आपण टाकला की मशीन फक्त ताडून बघतं, तोच हाय का नाय. सांगू त्यालाही नाय येत."

हे म्हणाले, "मग बदलू नका. राहू द्या."

मी यांना खूप बोलले, बोरसेंच्या देखत बोलले. अहो, मालकाशिवाय त्या मशीनमध्ये आता काही नवं घालता येणार नाही, जुनं काढता येणार नाही, हे काय लोणच्यासारखं मुरायला ठेवायचंय का? बोरसे बिचारे माझ्याकडे बघेनात. त्यांनी मागचं दार लावून घेतलं, पासवर्डला हात लावला नाही आणि गेले.

म्हणजे आता मशीन उत्तम चालतंय. माझे गोळे फुटताहेत, फोटो दिसताहेत, कुणाचं काही अडलेलं नाही. तरी हे रोज संध्याकाळी चहा घेऊन बसतात, रूट म्हणून नाव लिहितात आणि पुढच्या ओळीत काहीतरी घालून बघतात. मी विचारते, आता कशाला? ते म्हणतात, सहज. तुमच्या जुन्या स्कूटरचं नाव झालं, पेंग्विन झाला, बडोद्याची आत्यासुद्धा झाली. माझंही नाव घालून बघितलं. नव्हतं. खरं सांगते, मला थोडं लागलं.

काल मी शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, सगळं गणगोत घालून झालं, तुमचं स्वतःचं नाव घातलंत का?

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, मग घाला की, मी बसलेय इथे. त्यांनी बोट पहिल्या अक्षरावर नेलं आणि परत मागे घेतलं.

"अगं, ते नसलं तर?"

भाऊजी, तिथे नुसती रिकामी ओळ होती आणि आम्ही दोघं तिच्यासमोर बसून राहिलो.